गुनारची दोन मतं

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९७६. रेजायना, कॅनडा

हॉटेलची खोली. खिडकीवर आतून बर्फ. एकट्या बाईला दोन पलंग कशाला देतात कोण जाणे! एकावर मी, दुसऱ्यावर मफलर. पिवळेजर्द, पंच्याण्णव, ओरेस्टच्या पाठीराख्यांच्या गळ्यात घालायला. चार महिने विणत होते. माझा नवरा लार्स गेल्यापासून संध्याकाळी दुसरं करायचं तरी काय असतं?

ओरेस्ट पक्षाचा नेता झालेला एकदा बघायचाय. सव्वीस वर्षं त्याचं ऑफिस सांभाळलं मी. नेतेपदासाठी पाचजण उभे आहेत, शनिवारी अधिवेशनात मतदान. पहिल्या फेरीत पंच्याहत्तर मतांच्या आत अडकला तो बाद. मर्ल प्रचार बघते, तिच्या यादीत आपले पक्के एक्क्याण्णव. "थोरा, पहिली फेरी निघू दे फक्त! पुढं सगळ्यांची दुसरी पसंती आपलाच माणूस." ते मात्र खरं. ओरेस्टवर कुणाचाच राग नाही.

शुक्रवार, १३

आज भाषणं. गुनार हाउगेनच्या वेळी अर्धा हॉल सँडविच खायला उठला. निर्लज्ज मेले! आमच्या शेजारच्या गावचा शेतकरी तो, ब्याऐंशी वर्षांचा. गावची आगगाडी बंद करून रूळ उखडतायत, त्यावर बोलायला वीस मिनिटं मिळावीत एवढ्यासाठी उभा राहिलाय. मी शेवटपर्यंत बसले. टाळ्याही वाजवल्या. एकटीच होते, त्यामुळे फार मोठ्यानं वाजल्या.

नंतर कॉफीच्या रांगेत भेटला. "पोरी, हरणार तर आहेच गं मी. पण फळ्यावर भोपळा नको. नातवंडं टीव्हीवर बघणार आहेत."

"तुमचं स्वतःचं मत आहे की!"

"छे! स्वतःच स्वतःला मत द्यायचं? आईनं कान उपटले असते माझे. मी ओरेस्टला देणार."

अठ्ठावन्न वर्षांची मी, आणि पोरी म्हणतो.

शनिवार, १४

सकाळी. पडद्यामागे गेले. चिठ्ठी, पेन्सिल. एक्क्याण्णवातलं एक कमी झालं म्हणून काय बिघडतंय? आणि तो भोपळा डोळ्यांपुढून हलेना. गुनारच्या नावापुढे फुली मारली. छान वाटलं. दुसऱ्या फेरीपासून ओरेस्ट आहेच.

दुपारी. ओरेस्ट ७४. गुनार २.

चौऱ्याहत्तर! मर्ल ओरडली, "सतराजणांनी गळा कापला!" सतरा कसले — एकच पुरलं असतं. एकच!

मग ओरेस्टला ती लांबलचक चाल चालावी लागली. हरलेला उमेदवार सगळ्या हॉलच्या देखत दुसऱ्याच्या गोटात जातो तशी. दुसरा एक उमेदवार लँबर्ट, त्याच्या बाजूला गेला. हसत होता. मान ताठ. लँबर्टच्या बायकोनं त्याच्या गळ्यातला माझा पिवळा मफलर काढला आणि हिरवा बांधला. कुणीतरी माझ्याही गळ्यात हिरवा अडकवला. खुर्च्यांखाली पिवळे पडलेले. वाकून वाकून गोळा केले. चौसष्ट मिळाले.

तिसऱ्या फेरीत लँबर्टही हरला, पाचांतला प्रीस जिंकला. ओरेस्ट त्याच्याशी हात मिळवून आला आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "थोरा, जेवलीस का?"

रविवार, १५

बसने घरी. शेजारची जागा रिकामी. गुनारला दुसरं मत कुणी दिलं? म्हातारा खोटं बोलणारा नाही, त्याचं स्वतःचं नव्हेच ते. म्हणजे आणखी एक गाढव आहे कुठंतरी. आपल्यातलाच असला तर? त्याला झोप लागते का?

मंगळवार, १७

मर्लचा फोन. यादी घेऊन एकेकाला झापतेय. माझं नाव यादीत पहिलं. मला विचारलंच नाही! "तुझं काय विचारायचं? तू तर घरचीच!" विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं. खरंच सांगितलं असतं.

गुरुवार, २६

ऑफिसात सामसूम. ओरेस्ट येतो, दार लावून बसतो. लोकांचे फोन बंद झाले. बाहेर मी, आत तो, मधे दार. दोनदा उठले सांगायला. दोनदा कॉफीच देऊन आले.

घरी एकटीसाठी सूप केलं. चारजणांचं झालं. मला मेलीला अजून माप जमत नाही.

मंगळवार, २ मार्च

गुनारचं कार्ड. "दोन मिळाली! नातवंडं खूश."

बसून रडले.

रविवार, ७ मार्च

चर्चनंतर ओरेस्ट घरी आला. टोपी हातातच. मी ठरवलं, आज सांगायचंच. तोंड उघडणार तोच म्हणाला, "थोरा, कुणाला बोलू नकोस. गुनारच्या दोनांतलं एक माझं होतं. स्वतःच्या नावापुढे फुली मारायला हात धजेना गं. म्हटलं, म्हाताऱ्याला भोपळा नको." मग म्हणाला, "तुलाच सांगतोय. तू एकटीच पक्की राहिलीस." मी कॉफी ओतत राहिले. "दुसरं त्याचं स्वतःचंच असणार," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं.