तिसऱ्या पक्षास सक्षम करण्याबाबत

केनवड, तालुका रिसोड

चि. रूपालीस जगदेवकाकाचे पोटभर आशीर्वाद.

तुह्या सासूबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? पवनरावांचं पित्त निवलं, की अजून उभ्याउभ्या चहा पिणं चालूच आहे? माह्या नातीचा समोरचा दात आला का? इकडे तुही आई सोजरबाई ठणठणीत आहे. (मले ऐकू येत नाही असं ती गावभर सांगते. मले ऐकू येतं, मी ऐकत नाही.) तू आपल्या बियाणे संस्थेत बसवून दिलेला सर्व्हर मीच सांभाळतो, तोही बरा आहे. त्या एका खोक्याच्या पोटात चार कॉम्प्युटर राहतात, हे अध्यक्ष भागवतरावांले समजवायले मले दोन वर्षं लागली. शेवटी एका घरात चार चुली म्हटलं, तेव्हा पटलं.

आता खरं दुखणं. संस्थेच्या निवडणुकीची यादी लागली, अन् तांड्यावरची एकशे चौदा नावं गायब. भागवतराव म्हणतात, ही माणसं सहा महिने ऊसतोडीले जातात, म्हणून कॉम्प्युटरनं आपोआप गाळली. (पेरणीले ती परत येतात, हे मात्र त्या कॉम्प्युटरले कोणी शिकवलं नाही. मोठा सोयीचा शिकलेला आहे.) तांड्यावरचा प्रेमसिंग यादी तीनदा वाचून माह्याकडे आला. म्हणाला, "काका, मी मेलो असतो तं घरी कोणी सांगितलं नसतं काय?" हरकतीची मुदत शुक्रवारपर्यंत, अन् पुरावा म्हणून जुनी यादी पाहिजे.

जुनी यादी बॅकअपमध्ये आहे, हे मले माहीत होतं. त्या चारही कॉम्प्युटरांचा कारभार ब्राउझरमधल्या एका पानावरून चालतो, अन् बॅकअप उघडायचं बटण त्या पानावर बाहेरच्या कंपनीनं लावलेलं आहे. त्याले थर्ड पार्टी प्लगइन म्हणतात, हे तूच शिकवलं. पण मागच्या अपडेटपासून त्या पानानं बाहेरच्या सगळ्यांले दार लावून घेतलं. ते उघडायले पासवर्ड पाहिजे, पासवर्ड भागवतरावांच्या डायरीत, डायरी उघडायले संचालकांचा ठराव, अन् ठरावाले शुद्ध मराठीत अर्ज. मी आयुष्यभर मोटारींचं रिवायंडिंग केलं, पण शुद्ध लिहायची हौस जात नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन डिसेबलचं अक्षम, इनेबलचं सक्षम केलं अन् लिहिलं: "तिसरा पक्ष सध्या अक्षम असून त्यास तत्काळ सक्षम करण्यास मंजुरी मिळावी. त्याशिवाय जुन्या गोष्टी बाहेर येणार नाहीत."

सभेत भागवतरावांनी अर्ज मोठ्यानं वाचला अन् दुसऱ्या ओळीवर चष्मा काढला. तुले माहीतच आहे, संस्थेत पॅनल दोनच. दोन्ही पॅनलचे पुढारी एकमेकांचे व्याही. त्यांनी मले विचारलं, हा तिसरा पक्ष कोणाचा. मी खरं सांगितलं, बाहेरच्यांचा. मग तं खुर्च्याच सरकल्या. मी म्हटलं, अहो, नुसतं प्लगइन आहे. तं म्हणे, "कोण कोणाले प्लगइन करून राह्यलं, सगळं समजते आमाले." एरवी चहात साखर किती यावर न जमणारी दोन्ही पॅनलं त्या दिवशी एक झाली. एकमतानं ठराव: तिसऱ्या पक्षास कायमस्वरूपी अक्षम ठेवावे.

मी शांतपणे विचारलं, ठरावाची अंमलबजावणी कोण करणार? सगळे म्हणाले, जगदेवराव, तुमीच. मी म्हटलं, मग पासवर्ड लागेल.

भागवतरावांनी स्वतः डायरी उघडून दिला.

मी आत गेलो, प्लगइनच्या यादीत 'सक्षम' केलं, पानातून बाहेर येऊन पुन्हा आत गेलो, तं बॅकअपचं बटण नव्या नवरीसारखं कोपऱ्यात हजर. जुनी यादी काढली, छापली, शुक्रवारी हरकतीसोबत लावली. निवडणूक अधिकाऱ्यानं एकशे चौदाही नावं यादीत परत घेतली. नवीन यादी लागली तेव्हा प्रेमसिंगनं आधी बायकोच्या, रुपाबाईच्या नावावर बोट ठेवलं. मग स्वतःचं शोधलं.

तुहा,
जगदेवकाका

ता.क. ठरावाचा मान म्हणून काम झाल्यावर प्लगइन पुन्हा बंद केलं. मी नियमाचा माणूस आहे.

ता.ता.क. तांड्यावरचे लोक विचारू लागले, तो तिसरा पक्ष खरंच आहे काय? नाही म्हणायले जीभ वळली नाही. परवा उमेदवारीचा फॉर्म भरला. पॅनलमध्ये सध्या मी एकटाच आहे. वर पुढाऱ्यांबद्दल काही वेडंवाकडं लिहिलं असेल, तं ते वाचू नको.

आता मुद्द्याचं. सोजरबाई भागवतरावांले मत देणार म्हणते, कारण ते तिले ताई म्हणतात. तू तिले समजाव, अन् काय म्हणाली ते मले ताबडतोब लिहून धाड. माहं ती ऐकत नाही. ऐकू येतं तिले.