वॉल्ट कोव्हालला काहीही न देण्याबाबत

मी, हॉलिस एमॉस ट्रॉविक, वय बाहत्तर, पूर्वीचा धंदा अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू झेलणे, हल्लीचा धंदा ओट्यावर बसणे, राहणार बेथेल क्रीक, राज्य मिसिसिपी, असे लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या वस्तूंचं आणि माझ्या शरीराचं काय करायचं ते मी राजीखुशीने, कोणी भरीस न घालता ठरवलं आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. "शुद्ध आणि स्थिर मनाने" असे शब्द इथे घालायची पद्धत आहे आणि माझ्या वकीलबाई मिस टिन्सली यांनी ते घातलेही होते. मी त्यांना थांबवलं. माझ्या बाबतीत भांडण नेमकं त्याच शब्दांवरून होणार आहे, तेव्हा खरं काय ते आधीच सांगितलेलं बरं.

मी विसरतो. किराणा आणायला निघून पोस्टात जाऊन उभा राहतो. फ्रिजच्या दारावर माझ्या मुलीने घरच्या माणसांचे फोटो लावून खाली नावं लिहिली आहेत, आणि काही सकाळी मला ती वाचावी लागतात. पण माझं काय आहे, ते कोणाला द्यायचं आणि का, हे मला पक्कं ठाऊक आहे. डॉक्टरांचा तीन पानी दाखला सोबत जोडला आहे. त्याचं सार एवढंच की काही दिवस बरे असतात, काही वाईट. हे सगळं मी बऱ्या दिवसांत, चार बैठकांत सांगितलं आणि मिस टिन्सलींनी लिहून घेतलं.

कलम एक. हे घर, मागची चार एकर जमीन, अंजिराचं झाड आणि ओट्यावरच्या दोन्ही खुर्च्या मुलगी नेओमी हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पूर्वी या जागेवर कोंबड्यांची लांबलचक शेड होती आणि माझे वडील तिथे मजूर होते. गाडी भरायची वेळ आली की कोंबड्या धरायला आम्हा भावंडांना जुंपायचे. तंगड्यांना धरून एका हातात चार, दुसऱ्या हातात तीन. निसटलेली कोंबडी हवेतल्या हवेत पकडायला मी तिथे शिकलो. पुढे वार्ताहर विचारायचे, हे हात कुठून आणलेस, तेव्हा मी देवाचं नाव घ्यायचो, कारण कोंबड्यांचं सांगायची लाज वाटायची. आता वाटत नाही. चेंडूला नखं नसतात आणि तो चोचही मारत नाही, त्यामुळे पुढचं सगळं मला तसं सोपंच गेलं.

कलम दोन. विजेतेपदाची अंगठी, तीही नेओमीला. ज्या रविवारी ती मिळवली त्याच रविवारी नेओमी जन्मली. त्या सामन्यात मी नऊ झेल घेतले, दोन टचडाऊन केले, म्हणजे दोनदा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि मुलीचं तोंड पाहिलं अकराव्या दिवशी. मिरवणूक होती, मेजवान्या होत्या, मी तरुण आणि मूर्ख होतो. लोरीन, माझी बायको, देव तिला शांती देवो, मूल माझ्या हातात ठेवताना एवढंच म्हणाली, "ही टाकू नकोस. ही उसळत नाही." अंगठी नेओमीच्या बोटात सैल होईल. तिने ती घालावी असं माझं म्हणणं नाही, तिच्याकडे असावी एवढंच.

कलम तीन. चौदा मोसमांतले सदरे, बूट, शिरस्त्राणं, करंडक, आणि माझ्या नावाच्या वस्तू विकण्याचा हक्क मुलगा रॉयस याला. अटलांटाला त्याचं अशाच वस्तूंचं दुकान आहे. सातशे अठ्ठ्याऐंशी झेल, सत्त्याण्णव टचडाऊन, एकोणीस वर्षं न मोडलेला विक्रम, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो आणि बरोबर सांगतो. विक्रम मोडणाऱ्या टेक्सासच्या पोराने मला फोन करून इतक्या वेळा "सर" म्हटलं की मला त्याचा राग धरता आला नाही. प्रयत्न मी केला होता.

कलम चार. लुथर बीझली, राहणार टल्सा. विरुद्ध संघातून मला अडवणं हे याचं काम होतं आणि दहा वर्षं तो माझ्या अंगाला अंग लावून धावला. आमच्या काळी चेंडू निसटू नये म्हणून हाताला डब्यातला तपकिरी चिकट लगदा फासायची मुभा होती, मग त्यावर बंदी आली. लुथर अजून दर नाताळला फोन करतो. "कबूल कर म्हाताऱ्या, तू कुठला खेळतोस, तो डबा खेळायचा." बंदीनंतरच्या चार मोसमांत मी दोनशे तीन झेल घेतले, हे मीही त्याला दर नाताळला ऐकवतो. त्या लगद्याचा शेवटचा अर्धा डबा गॅरेजात, रंगाच्या डब्यांमागे आहे. तो लुथरला पाठवावा. हाताला फासून त्याने मला धरायचा पुन्हा एकदा प्रयत्न करावा. तोवर मी बराच पुढे गेलेला असेन.

कलम पाच. माझा मेंदू. उत्तरेकडच्या एका विद्यापीठात डॉक्टर मंडळी आमच्यासारख्यांचे मेंदू कापून पाहतात आणि इतक्या टकरांनी आत काय होतं ते शोधतात. मी गेल्यावर त्यांना लगेच कळवावं आणि मेंदू त्यांच्या हवाली करावा. उरलेल्या मला लोरीनशेजारी पुरावं.

हे ऐकून शेजारच्या, आमच्याच चर्चच्या सिस्टर विल्मा पीटी यांनी कपाळाला हात लावला. "ब्रदर हॉलिस, पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे नीट उठतील आणि तुम्ही तेवढे रिकामं डोकं घेऊन उभे राहाल."

"मग तुम्ही माझा हात धरा, सिस्टर."

"माझा हात माझ्या नवऱ्याने धरलेला असेल," त्या म्हणाल्या. पण मक्याचा पाव देऊन गेल्या, म्हणजे त्यांचा राग गेला असं मी धरतो.

रॉयसचा गेलेला नाही. तो अटलांटाहून गाडी हाकत आला आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच बोलला. "बाबा, ट्रॉविकचं डोकं गेलं होतं असं एकदा छापून आलं की संपलं सगळं. मी हे होऊ देणार नाही. कोर्टात जाईन."

"काय सांगशील कोर्टात?"

"की तुम्ही काय लिहिताय ते तुम्हाला कळत नव्हतं."

"म्हणजे माझं डोकं शाबूत होतं हे जगाला दाखवायला, ते बिघडलं होतं अशी शपथ घेणार तू?"

तो मागे हटला नाही. रॉयस वाईट मुलगा नाही. त्याला बाप खेळाच्या सदऱ्यातलाच हवा आहे. मला मात्र मेंदू द्यायचाच आहे, आणि त्याचं कारण कलम सहामध्ये आहे.

कलम सहा. वॉल्टर कोव्हाल, राहणार पेनसिल्व्हेनिया, यांना मी काहीही देत नाही. चेंडू नाही, फोटो नाही, बुटाची नाडीसुद्धा नाही. हे विसरून नव्हे, ठरवून केलं आहे.

माझ्या झेलांपैकी पाचशे एकतीस चेंडू माझ्याच संघातल्या वॉल्टने फेकलेले होते. बघणाऱ्याला वाटतं, झेलणारा मोकळा दिसला की फेकणारा फेकतो. तसं नसतं. मी ठरलेल्या वाटेने पाठमोरा धावत असायचो आणि मी वळायच्या आत चेंडू त्याच्या हातातून सुटलेला असायचा. मी वळलोच नाही तर तो रिकाम्या गवतावर पडणार आणि हसं त्याचं होणार. अकरा मोसम तो असा माझ्या भरवशावर फेकत राहिला.

हा माणूस खोटं बोलत नाही. शेवटच्या मिनिटाला एकदा मी रेषेपलीकडे चेंडू जमिनीलगत उचलला. पंचांना नीट दिसलं नव्हतं. ते एकमेकांकडे बघत असताना वॉल्ट पुढे आला आणि म्हणाला, "आधी जमिनीला लागला." सामना हरलो. म्हणून सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव नाही. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही, आणि आठव्या दिवशी त्याने विचारलं, "लागला होता की नाही?" लागला होता.

पुढे एका समारंभात थोर खेळाडूंच्या पंगतीत मला बसवलं, तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. लोरीनने भाषण लिहून दिलं होतं. मी ते ऐटीत खिशातच ठेवलं. शाळेचे गुरुजी, आई, लोरीन, संघाच्या बसचा ड्रायव्हर, आमचे कपडे धुणारा माणूस, सगळ्यांची नावं घेतली. मग पहिल्या रांगेत बघितलं. तिथे मलईरंगी सूट घालून घाम पुसत तो बसला होता. त्याला आंबवलेला कोबी आवडतो, त्याच्या आईचं नाव स्टेला, त्याचा चेंडू हवेत कसा घुमतो, सगळं मला माहीत होतं. त्याचं नाव येईना. मी तोंड उघडून उभा राहिलो. मग "बाकी सगळ्यांचेही आभार" म्हणून खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की ट्रॉविकने जुन्या टचडाऊनचा सूड घेतला. वार्ताहराने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "जे बोललो ते विचार करूनच बोललो." माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट गोष्ट ती. विसरलो हे पाप नव्हतं. पण माझं डोकं जातंय हे लोकांना कळण्यापेक्षा मी दुष्ट आहे असं त्यांना वाटलेलं मला चाललं. म्हणूनच आता मेंदू देतोय, खरं काय ते छापून येऊ दे. वॉल्टचं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती: "हॉलिस, मी काय केलं?" पंचवीस वर्षं मी त्याला उत्तर दिलं नाही.

मेंदूच्या अहवालाची पहिली प्रत वॉल्टला पाठवावी, असं मी या कलमात आधी लिहवलं होतं. म्हणजे तो सूड नव्हता, हे मी मेल्यावर त्याला कळेल. नेओमीने ते वाचलं. "बाबा, माणूस जिवंत आहे, त्याच्याकडे फोन आहे. तुमचं डोकं कापून झाल्यावर कशाला कळवायचं?"

मला धीर झाला नाही. फोन तिनेच लावला आणि त्या संध्याकाळचं सगळं त्याला सांगितलं. मग तो म्हणाला, "येईन की नाही ते आत्ता सांगत नाही. घर तेच का, अंजिराच्या झाडाचं?"

मिस टिन्सली सांगतात की मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. म्हणून वॉल्टला काहीही नाही. माझं मन ठिकाणावर आहे की नाही हे ज्याच्या तोंडून ऐकलं तर रॉयसही मान्य करील, असा मला एकच माणूस माहीत आहे. तो आला आणि माझं मन ठिकाणावर नाही म्हणाला, तर मिस टिन्सलींनी हा कागद फाडून टाकावा. मला कोर्टाची भीती नाही. तो पायऱ्या चढून वर येईल आणि मला पुन्हा त्याचं नाव येणार नाही, याची आहे.

वर लिहिलेलं मला वाचून दाखवलं, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही करतो.

हॉलिस एमॉस ट्रॉविक
ठिकाण: राहतं घर, बेथेल क्रीक, मिसिसिपी
गुरुवार, १४ ऑक्टोबर २०२१

साक्षीदार: विल्मा रूथ पीटी, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली. मेंदूच्या कलमाबद्दलचं माझं मत मी तोंडी दिलं आहे.

साक्षीदार: वॉल्टर स्टॅनली कोव्हाल. सही माझ्यासमोर झाली. विचारलं आहे म्हणून खरं तेच लिहितो. आज दुपारी हॉलिसने मला माझं नाव दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा सांगितलं. त्यानंतर घर कोणाला, अंगठी कोणाला, डबा कोणाला, मेंदू का आणि मला काहीच का नाही, हे त्याने कागदाकडे न बघता मला ओळीने सांगितलं. त्याचं मन ठिकाणावर आहे. रॉयसला काही विचारायचं असेल तर मी रविवारपर्यंत इथेच, ओट्यावरच्या दुसऱ्या खुर्चीत आहे. हॉलिसने नाव पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन.