आते तरी चाल व माय

१२ जाने., सोम.
उत्तरायणाची सुट्टी झाली की पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलचा माणूस आमचा कोड बघायला येणार. आमचे मालक केतनभाई मान वर न करता म्हणाले, "हिस्ट्री साफ करी नाख. बधुं." सगळी पुसून टाक म्हणे. हिस्ट्री म्हणजे आमचे कमिट. प्रत्येक बदलाखाली मी आणि हर्षाने अहिराणीत खरडलेल्या ओळी. 'आते तरी चाल व माय,' हे अडलेल्या कोडला. 'रंग बिघडना, दीपकना प्रताप,' हे हर्षाचं, माझ्यावर. ऑफिसात आम्हा दोघांनाच कळतं, म्हणून चाललं. मिलवाला हे वाचणार म्हटल्यावर माझे कान तापले. घरी आईशी हीच भाषा बोलतो, तरी.

१३, मंगळ.
केलं साफ. सगळे कमिट एकात कोंबले, वर सभ्य इंग्रजी ओळ, आणि फोर्स पुश, म्हणजे सर्व्हरवरचं जुनं पुसून त्या जागी हे. हर्षा रजेवर. तिला विचारायला फोन हातात घेतला होता, पण...
मग बघतो तर लेखक म्हणून एकच नाव. माझं. कापडाच्या रंगाची शेड जुळवायचं गणित अख्खं हर्षाचं, माझी त्यात एक ओळ नाही. केतनभाई मागे उभे. "आ शेडनुं तें कर्युं? सरस!" मी हसलो. नुसता हसलो, हो म्हटलं नाही. काय पण वकिली.

१४, उत्तरायण
इथे पांडेसऱ्यात हर्षाची गच्ची आमच्या पलीकडच्याच गल्लीत. तिने तिळाचा लाडू दाखवून हात केला. मी मांजा गुंतल्याचं सोंग केलं. आई: "हर्षा बलाई राहिनी ना, जाय ना!" गेलो नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार.

१६, शुक्र.
हर्षाने स्क्रीन बघितली. हळूच म्हणाली, "मन्हं नाव कोठे गयं रे दीपक?"
"साफ करताना चुकून निघालं," मी म्हणालो. तेही मी तिच्याशी पुस्तकी मराठीत बोलत होतो. ती "बरं" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.
मिलवाला आला. केतनभाईंनी माझ्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, शेडचं काम याचं. हर्षा शेजारच्याच टेबलावर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
जुनी हिस्ट्री माझ्या मशीनवर आहे अजून. परत आणायला एक कमांड पुरे. पण मग का आणली, हे केतनभाईंना सांगावं लागेल.

१७, शनि.
दुपारी हर्षाचा नवा कमिट आला. 'फिक्स्ड शेड राउंडिंग.' इंग्रजी, पूर्णविरामासकट. खाली अजून काही लिहिलंय का ते दोनदा बघितलं. काही नाही. एरवी एक तरी शिवी असायची मला.
कमांड टाइप करून ठेवली आहे, एंटर दाबलेलं नाही. केतनभाई केबिनमध्ये एकटेच आहेत.