दोन केबिनमधला निरोप

१० जुलै, गुरुवार
मॅडम आणि साहेब आजही एकमेकांशी बोलले नाहीत. तरी वातावरण कालपेक्षा बरं वाटलं. माझ्यामुळे असावं.

नीट लिहून ठेवतो, पुढे वाचताना गोंधळ नको. मॅडम म्हणजे डॉ. दिव्या मॅडम, ऑफिसच्या प्रमुख. साहेब म्हणजे डॉ. भैयाजी साहेब, हिवतापाचे अधिकारी. फवारणीची टीम साहेबांची, पण गाडी मॅडमच्या सहीशिवाय हलत नाही. केबिन समोरासमोर, मधल्या व्हरांड्यात माझं टेबल आणि कॉम्प्युटर. जंगलपट्ट्यात ताप वाढला तशा मीटिंगा वाढल्या. मागच्या मीटिंगमध्ये मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, तुमचे आकडे जंगलात हरवतात का. साहेब म्हणाले, जंगलातून बरोबर येतात, तुमच्या केबिनमध्ये हरवतात. तेव्हापासून बोलणं बंद. जे काय ते माझ्यातर्फे.

मी कंत्राटी. बारावी राहिली. पण आज या ऑफिसात दोन्ही डॉक्टर ज्याचं ऐकतात असा मीच एक.

११ जुलै, शुक्रवार
निरोप जसाच्या तसा नेला तर भडका उडतो, हे लक्षात आलं. साहेब म्हणाले, "सांग तुह्या मॅडमले, एसीत बसून डास मरत नाई." मी मॅडमना सांगितलं, साहेब तुमच्या तब्येतीची चौकशी करत होते. मॅडम चकित. म्हणाल्या, आधी रिपोर्ट पाठवा म्हणावं, मग चौकशा करा. साहेबांना सांगितलं, मॅडमनी आभार मानले.

ड्रायव्हर मनसाराम भाऊ दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मिथुन, तू निरोप नेऊन राह्यला का लग्न जुळवून राह्यला बे?" अशिक्षित माणूस. सोडून दिलं.

याला खोटं म्हणता येणार नाही. कडू गोळीवरही साखर असतेच.

१४ जुलै, सोमवार
हेटीटोल्याच्या आशाताई, बुधरीबाई, यांचा फोन. गावात घरटी ताप. "भाऊ, शुक्रवारी आमच्या इथी गाव बांधनार हायेत. त्याच्या पयले फवारणीवाले पाठव. मंग कोनी आत येनार नाई." रोगराई शिवेबाहेर राहावी म्हणून ही पूजा असते. ती उतरेपर्यंत बाहेरचा माणूस किंवा गाडी गावात येत नाही. यंदा मंगळवारपर्यंत.

साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, एरवी गावातले लोक देवाच्या खोलीत फवारणीचा पंप नेऊ देत नाहीत. बांधणीआधी मात्र सगळं सामान अंगणात काढून घर सारवतात. सारवलेलं वाळलं, की सामान आत जायच्या आधी फवारायचं. "गुरुवारचाच दिवस हाय. मॅडमले सांग, गाडी पाहिजे. नाई भेटली तर गाव मंगळवारपर्यंत बंद, अन् काई झालं तर जबाबदारी त्यांची. हेच शब्द सांग."

हेच शब्द. व्हरांड्यात थांबून विचार केला. 'जबाबदारी' हा शब्द मॅडमना लागतो. तो काढला. मग 'काही झालं तर' नुसतंच लोंबकळायला लागलं, तेही काढलं. उरलं गाव बंद होण्याचं, ते एकटं धमकीसारखं वाटत होतं. आत जाऊन म्हणालो, साहेबांना हेटीटोल्यासाठी गाडी हवी आहे, तुमच्या सोयीने.

मॅडम चक्क हसल्या. सोयीने? असं म्हणाले ते? मग शनिवारी नेऊ दे. गुरुवारी गाडी नागपूरच्या पाहुण्यांना लागेल.

साहेबांना सांगितलं, मॅडम गाडी द्यायला तयार आहेत. साहेबही हसले. एका दिवसात दोघं हसले. वार सांगायचा राहिला. उद्या सांगतो.

१५ जुलै, मंगळवार
साहेब फार आनंदात. वार सांगायला योग्य वेळ मिळाली नाही.

१६ जुलै, बुधवार
ऑफिस उघडताच सांगायचं ठरवलं होतं. पण साहेब स्वतः उभे राहून पंप धुवून घेत होते. अशा वेळी उत्साह मोडणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी बुधरीबाई. "सारवून झालं भाऊ. सामान आंगनातच ठेवलं हाय तुमच्यासाठी. पाऊस आला तं भिजते. उद्या येनार ना?" मी म्हणालो, टीम तयार आहे. हे शब्दशः खरं होतं.

झोप लागत नाही. ॲसिडिटी.

१७ जुलै, गुरुवार
टीम पंप घेऊन व्हरांड्यात. गाडी पाहुणे घेऊन ताडोब्याला गेलेली. मग साहेबांना सांगावंच लागलं, मॅडम शनिवार म्हणाल्या. साहेबांनी विचारलं, "बांधणीचं सांगलं होतं ना तू?" मी म्हणालो, निरोप पोचवला होता.

साहेब मॅडमच्या दारापर्यंत गेले. ठोकायला हात वर केला. मग खाली घेतला. मागे वळून म्हणाले, "ज्याले समजूनच घ्यायचं नाई, त्याच्या पाया काऊन पडायचं?" आणि घरी गेले.

आत गेले असते तर सगळं उघड झालं असतं. थोडक्यात वाचलो. हे वाक्य लिहायला नको होतं. राहू दे, खोडलं की पान घाण दिसतं.

बुधरीबाईंचे फोन आले. बॅटरी कमी होती म्हणून उचलले नाहीत. दुपारी मोठा पाऊस.

१९ जुलै, शनिवार
गाडी मिळाली. म्हणजे मॅडमनी शब्द पाळला, हे कुणी लक्षात घेत नाही. मी स्वतः टीमबरोबर गेलो.

शिवेवर आंब्याच्या पानांची दोरी आडवी बांधलेली. अलीकडे मनसाराम भाऊंनी गाडी बंद केली. पलीकडे पोचू नावाचे म्हातारे बसलेले. म्हणाले, "परवा दिसभर वाट पायली ना बापू. सामान भिजलं, मंग आत नेलं. आता मंगळवारी या." आवाजात राग अजिबात नव्हता. थोडा असता तर बरं झालं असतं. गोळ्या आणि मच्छरदाण्या शिवेवर ठेवल्या. त्यांनी दोरीखालून ओढून घेतल्या.

येताना मनसाराम भाऊंशी मी हवामानाबद्दल बोलून पाहिलं.

२० जुलै, रविवार
पहाटे बुधरीबाईंच्या मुलाला, सुकलूला, तापात झटके आले. बांधणी मोडून खाटेवर घालून बाहेर आणलं. हॉस्पिटलमध्ये आहे, शुद्ध नाही. गावाला पूजा पुन्हा घालावी लागणार.

केळी घेऊन गेलो. वॉर्डच्या काचेतून बाई दिसल्या. पोराचे पाय चोळत होत्या. गर्दी नको म्हणून आत गेलो नाही. केळी वॉचमनला दिली.

ठरलं. उद्या दोघांना सगळं सांगणार. साखर न लावता.

२१ जुलै, सोमवार
मॅडम दिवसभर व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. साहेब दौऱ्यावर.

२३ जुलै, बुधवार
सुकलूनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणतात, वाचला. इतकं हलकं वाटलं की फवारणी का चुकली या चौकशीलाही न घाबरता गेलो.

वरून मोठे अधिकारी आले होते. मॅडम आणि साहेब एका टेबलाशी. मॅडम म्हणाल्या, बांधणीचं मला कुणी सांगितलंच नाही. साहेब म्हणाले, मी निरोप पाठवला होता. मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, दोन केबिनमध्ये अंतर किती? व्हरांडा ओलांडून एकमेकांना सांगता आलं नाही? मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, सर, बुधरीबाईंनी बहुतेक पुढचा शुक्रवार सांगितला होता.

साहेबांना खरं माहीत होतं. सोमवारी मीच तर सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग टेबलाकडे. म्हणाले, हो, खालून येणाऱ्या निरोपात गोंधळ होता. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, आशांकडून असं होतं.

इतक्या दिवसांनी दोघांचं एकमत झालं.

२५ जुलै, शुक्रवार
मॅडम आणि साहेब आता एकत्र चहा घेतात. निरोपांचं काम संपलं. माझं टेबल स्टोअररूममध्ये हलवलं. शांतता असते.

बुधरीबाईंचं काम पुढचा आदेश येईपर्यंत थांबवलं आहे. दुपारी त्या आल्या, सुकलू कडेवर. पोर फार वाळलंय. शिपाई आत सोडेना म्हणून माझ्याकडे आल्या. "भाऊ, मी तं सोमवारीच सांगलं होतं. तुले तं माहीत हाय. साहेबाले येवढंच जाऊन सांग."

मी लगेच उठलो. खरंच उठलो. आत दोघं चहा घेत होते, काहीतरी हसत होते. मी म्हणालो, बुधरीबाई आल्या आहेत. चूक झाली म्हणतात, माफी मागतात.

साहेब कपात बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, माफी मागते ना, चांगलं आहे. बसू दे, बघू.

बाहेर येऊन बाईंना सांगितलं, ऐकलं साहेबांनी. बघतो म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "तू हाय म्हनून भाऊ, नाई तं आमचं कोन सांगते इथी." आणि पोराला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या.

साडेपाचला साहेब आणि मॅडम गेले. बाकाकडे कुणी पाहिलं नाही. मी स्टोअररूमच्या मागच्या दाराने निघालो. तिकडून स्टँड जवळ पडतं.