आठाच्या आधीचा एक

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षे ब्याऐंशी (दाखल्यावर एक्याऐंशी, कारण वडिलांनी दाखला उशिरा काढला), शाळा तिसरीपर्यंत, धंदा घरकाम आणि बँडच्या नोटा उतरवणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिलाय आणि वर म्हणाले, "आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं." वकीलबाई म्हणाल्या, हे लिहायची गरज नाही. तरी लिहिलं.

माझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही. नात पलीकडच्या खोलीत ड्रम बडवते आहे, ती जबरदस्ती धरत नसतील तर.

कलम एक. घर आणि बँकेत जे काही असेल ते लेकीला. स्वयंपाकघराची खिडकी ओढून बंद करायची नाही, आधी उचलायची, मग ओढायची. हे मी तिला चाळीस वर्षं सांगते आहे, आता कायद्याने सांगते.

कलम दोन. पियानो नातीला. वरच्या बाजूचा एक सूर लागत नाही, तो तसाच ठेवावा. याच पियानोवर आमच्या ह्यांनी दोनशेच्या वर जॅझच्या चाली बांधल्या, आणि तो सूर टाळून बांधल्या. हे आधी हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचे. लोक चमचे वाजवायचे आणि मागे हे ट्रम्पेट. मग चौघांचा बँड झाला, मग नवांचा, आणि माझी लेक चालायला लागली तोवर सतरा जणांचा. रेडिओवर दर रविवारी संध्याकाळी सात वाजता. रस्त्याने गेलं तर प्रत्येक खिडकीतून आमचाच बँड ऐकू यायचा. सुरुवातीला मी मुद्दाम भाजी आणायला तेव्हाच निघायची, पुढे त्यांच्यासोबत रेडिओवर जायला लागले. किती मिरवलं मी, देवा! पुढे विजेच्या गिटारी आल्या, नाचघराचं फर्निचरचं दुकान झालं, सतराचे नऊ झाले, नवाचे पाच. शेवटी हे शाळेत मुलांना शिकवायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आज एकाने बरोबर ताल धरला." तेवढ्यावर खूश.

कलम तीन. हे बँडपुढे उभे राहून हातात जी काठी हलवायचे, फोटोत दिसते ती, ती काठी नाही. माझी स्वेटर विणायची सुई आहे. मला न विचारता नेली. जोडीतली दुसरी माझ्याकडे आहे. दोन्ही लेकीला, आणि तिने काहीतरी विणावं.

कलम चार. पहिल्या रेकॉर्डच्या पाकिटावर ह्यांच्या शेजारी माझं कोपर आलं होतं. नणंदेने तिच्या घरी तो फोटो लावताना माझं कोपर कात्रीने कापलं. माझ्याकडची प्रत कोपरासकट आहे. ती नणंदेला द्यावी. बाकी काही देऊ नये.

कलम पाच. टेबलाच्या खणात एकेचाळीस किल्ल्या आहेत. सगळ्या एकाच कुलपाच्या, आमच्या पुढच्या दाराच्या. लेकीला वाटतं मी विसरते. मी विसरत नाही. त्या किल्ल्या का झाल्या ते पुढच्या कलमात आहे, आणि ते लिहायचं म्हणून मी आधी सुया आणि कोपरं लिहीत बसले.

कलम सहा. बँडमधले मुख्य ट्रॉम्बोनवाले (ते लांब सरकत्या नळीचं पितळी वाद्य), ज्यांना मी भाऊजी म्हणायची आणि जे मला वहिनी म्हणायचे, त्यांना मी एक कागद ठेवून जाते. तो कपाटात, चादरींच्या खाली आहे.

मला वाचता जेमतेम येतं, पण नोटा मी छापल्यासारख्या उतरवायची. हे एकच मोठा कागद लिहायचे, त्यावरून मी प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद काढायची. कागदावर उभ्या रेघांमध्ये घरं असतात, प्रत्येक घरात चार ठोके. ज्याने वाजवायचं नाही त्याच्या कागदावर आकडा असतो, इतकी घरं गप्प बसा. एका रविवारी ह्यांनी दुपारी चालीचा शेवट बदलला. मी सतरा कागद साडेपाचपर्यंत उतरवले, तालीम करायला वेळच नव्हता. सात वाजता रेडिओवर, सगळ्यात हळू जागी, जिथे नुसता पियानो होता, तिथे भाऊजींचा ट्रॉम्बोन दणकून वाजला. दहा घरं आधी.

कार्यक्रम संपल्यावर हे लाल झाले होते. भाऊजी शांतपणे म्हणाले, "कप्तान, कागदावर होतं तेच मी वाजवलं. आठ घरं गप्प."

"कागद आणा," हे म्हणाले.

कागद गोळा करायचं काम माझं. मी तेव्हा रेडिओच्या खोलीबाहेर बोळात होते, सगळे कागद माझ्या हातात, आणि आत काय चाललंय ते ऐकू येत होतं. वर त्यांचाच कागद होता. आठ लिहिलेले, माझ्या अक्षरात. मूळ कागदावर अठरा. पेन माझ्या केसांत असायचं. मी ते काढलं आणि आठाच्या आधी एक लिहिला. शाई फुंकून वाळवली. आत जाऊन कागद ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी बघितलं, मग सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "चूक झाली तर मी ऐकून घेतो. सतरा माणसांत एक खोटारडा मात्र मला नको." भाऊजींनी कागद घेतला, जवळ धरला, लांब धरला. ट्रॉम्बोन पेटीत ठेवला आणि गेले. पुन्हा कुठल्याच बँडमध्ये गेले नाहीत. दोन गल्ल्या सोडून त्यांनी कुलुपं-किल्ल्यांचं दुकान टाकलं.

सांगायला म्हणून मी त्या दुकानात एकेचाळीस वेळा गेले. ते मान वर करून विचारायचे, "काय वहिनी?" आणि मी म्हणायची, "एक किल्ली करायची होती."

सहा वर्षांपूर्वी शेवटच्या दुखण्यात हे अंथरुणावर असताना त्यांनी एकदा मला विचारलं, "गं, त्याच्यावर मी अन्याय तर नाही केला?" मी म्हटलं, "नाही हो, झोपा तुम्ही." याची मला त्या एकापेक्षाही जास्त लाज वाटते.

तरी मी मेल्यावर लेकीने तो कागद भाऊजींना द्यावा, आणि माझी चूक माफ करावी म्हणून सांगावं.

इथपर्यंत काल लिहून झालं. आज साक्षीदार हवे होते. तळमजल्यावरची शिंपीणबाई आली, तिने वाचलं नाही, तिला गरजही नव्हती. दुसरे म्हणून मी भाऊजींना बोलावलं. जवळचं माणूस म्हणून, असं लेकीला सांगितलं. खरं म्हणजे ते एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसावेत असं मला वाटत होतं. कलम सहावर मी साखरेचा डबा ठेवला आणि खाली बोट दाखवलं. "इथे सही करा, भाऊजी."

त्यांनी चष्मा लावला. म्हणाले, "वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही, वहिनी. एकदा तुमच्या हातचा कागद न तपासता वाजवला होता."

मी डबा उचलला.

त्यांनी सावकाश वाचलं. चहा निवला. नातीचे ड्रम थांबले तेही आम्हाला उशिरा कळलं. मग म्हणाले, "म्हणजे आठच होते."

"आठच होते."

"मला वाटलं माझे डोळे गेले. डॉक्टरकडे गेलो, त्यांनी डोळे चांगले सांगितले. मग वाटलं डोकं गेलं. जो माणूस कागदावरचा आकडा धड वाचू शकत नाही, त्याने बँडमध्ये काय बसायचं? अजूनही प्रत्येक किल्ली तीनदा ताडून बघतो. गिऱ्हाईकं हसतात."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "बघू." मग कागदावर बोट ठेवलं. "हा शब्द चुकीचा आहे. 'माझी चूक' लिहिलंय. आठ लिहिले ती चूक. एक लिहिलात ती लबाडी. ते नीट लिहा."

म्हणून दुरुस्ती: कलम सहामध्ये "माझी चूक" असेल तिथे "माझी लबाडी" वाचावे. कागद मी आजच चादरींखालून काढून त्यांच्या हातात दिला आहे, त्यामुळे मेल्यावर द्यायचं काही उरलेलं नाही, आणि ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणतात, ते आता होऊ शकतात. बँडमधले जे चौघे अजून आहेत त्यांना येत्या रविवारी दुपारी घरी बोलावलं आहे. कलम सहा मी स्वतः उभी राहून वाचणार आहे. भाऊजींची तशी अट आहे. रविवारच्या आत मला काही झालं तर नातीने वाचावं, मोठ्याने, एकही शब्द न गाळता.

वरचं सगळं मी शुद्धीत लिहिलं, आणि त्यातलं एकही अक्षर आता मी मागाहून बदलणार नाही.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
मंगळवार, चौदा तारीख, दुपारी सव्वाचार

सही (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार एक: सही. शिंपीण, तळमजला.

साक्षीदार दोन: सही. ~~किल्लीवाले~~ ट्रॉम्बोनवादक. (ही खाडाखोड साक्षीदाराने स्वतः, माझ्यासमोर केली आहे.)