शेखाच्या घरचे पाहुणे

सूर, ओमान
४ एप्रिल

चि. ऋजुता हीस,

अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम. खबर विशेष काही नाही.

प्रथम एक गाऱ्हाणे. आमच्या जावईबापूंच्या, कौस्तुभच्या, मित्राबरोबर पाठवलेले तुझे पार्सल पोचले. मेतकूट पोचले, शेवयाही न मोडता पोचल्या. त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते कानटोपीबद्दल. ज्या गावी एप्रिलातच डांबर चपलेला चिकटते, ज्या गावी थंडीचा विषय फक्त फ्रीज बिघडला तर निघतो, तेथे राहून शाळेत मुलांना संस्कृतच्या धातू-विभक्ती शिकवणाऱ्या एका निरुपद्रवी गृहस्थास लोकरीची कानटोपी, आणि तिच्या शेंड्याला लिंबाएवढा नारिंगी गोंडा, ही शिक्षा कोणत्या अपराधाची? राखी रंग तुझा, हे मी ओळखले. गोंडा तुझा नव्हे. नारिंगी रंग तू परकराच्या वयातही अंगाला लावून घेतला नाहीस. असो. गोंडा कोणाचा हे मी विचारत नाही.

टोपी परत पाठवली असती. पण तिच्यात सध्या कोणी राहायला आले आहे. कसे, ते सांगतो.

उम्म मुबारक तुला आठवतातच. खालच्या मजल्यावरच्या आपल्या घरमालकीण, ज्यांनी तुझ्या दहावीच्या परीक्षेआधी हलवा भरवून भरवून तुझे पोट बिघडवले होते. त्यांचा धाकटा भाऊ खमीस याने आपले जुने गलबत डागडुजीसाठी घरामागच्या वाळूत ओढून ठेवले होते. फळ्या बदलून झाल्या, तेलपाणी झाले, आणि मग लक्षात आले की पुढच्या टोकाच्या कोठ्यात एक मांजरी व्याली आहे.

मांजराला हुसकणे हे येथे कोणाच्या मनातही येत नाही. पण ही मार्जारी वेगळी. बंदरात वाढलेली, एक कान फाटलेला, चाल मात्र अशी की सगळा किनारा हिच्या नावावर आहे. उम्म मुबारकनी पहिल्याच दिवशी तिचे नाव ‘शेखा’ ठेवले, म्हणजे आपल्याकडे सरदारीणबाई म्हणावे तसे. माणसाच्या हाताचा तिला पूर्वी एखादा अनुभव आला असावा आणि तो चांगला नसावा, कारण हात दिसला की ती कोठ्यात नाहीशी होई आणि आतून प्रेशर कुकरसारखा आवाज येई.

अडचण भरतीची होती. गलबत उधाणाच्या भरतीलाच पाण्यात जाते. ती चुकली तर खमीसचा मासेमारीचा हंगाम चुकतो. आणि मांजरीसकट ढकलावे, तर हादऱ्यांनी ती समुद्रात उडी घेणार आणि डोळे नुकते उघडलेली चार पिल्ले कोठ्यात मरणार.

मी शास्त्रशुद्ध मार्गाने गेलो. प्राण्यांच्या डॉक्टरांकडून पिंजरा आणला, आत तारली मासळी ठेवली. शेखाने पिंजऱ्याला लांबून एक फेरी मारली आणि तारली कावळ्यांना सोडून दिली. मग मी सरळ कोठ्यात हात घातला. त्या प्रसंगाचे सविस्तर टीकाटिप्पण माझ्या उजव्या हातावर अजून वाचता येते.

उम्म मुबारक माझ्या हाताला हळद लावत म्हणाल्या, “काय रे उस्ताद, पाहुणी दारात आली की तू तिची मानगूट धरतोस का?”

“पाहुणी कसली? वेळ किती कमी आहे ते बघा ना.”

“वेळ कमी आहे म्हणून रीत सोडायची? शिकलेली माणसं अशीच. उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर बस. तोंड बंद ठेव. आणि तिच्याकडे टक लावून बघू नकोस, तू काय तिची परीक्षा घेतोयस?”

येथली रीत तू विसरली नसशील. कोणी घरी आले की विचारायचे, काय खबर? त्याने म्हणायचे, काही खबर नाही. काही ऐकलंस? काही नाही, सगळं बरं. मग खजूर, मग कॉफी, आणि तिसऱ्या कपानंतर कळते की त्याची होडी खडकावर फुटली आहे. शेवटी ऊदलोबानाची धूपदाणी फिरते. ती फिरली की पाहुण्याने ओळखायचे, बैठक संपली. मिशीला धूर लावून उठायचे.

तर मुलाखती सुरू झाल्या. मावळतीच्या नमाजाआधी आम्ही दोघे गलबतापाशी चटईवर बसत असू. मध्ये मासळीची थाळी. उम्म मुबारक समुद्राकडे बघत कोठ्याला विचारत, “काय खबर, शेखा?” आणि शेखाच्या वतीने स्वतःच उत्तर देत, “काही नाही, बाई, सगळं बरं.” मुलं कशी आहेत? बरी आहेत. झोप लागते ना? कुठली लागते, चौघं लोंबतात. मग आम्ही कॉफी पीत असू. मी आज्ञेप्रमाणे गप्प. गेल्या अनेक वर्षांत मी इतका गप्प राहिलो नव्हतो. माझे विद्यार्थी शपथेवर सांगतील.

पहिले काही दिवस कोठा मुका होता. मग फळीच्या कडेवर तो फाटका कान दिसू लागला. मग दोन्ही कान. मग एके दिवशी सगळी शेखा बाहेर येऊन गलबताच्या काठावर बसली आणि आमची चौकशी ऐकू लागली, कुत्सित का होईना. मी तिच्याकडे न बघता बघत होतो. तिने माझ्या दिशेने डोळे सावकाश मिटले आणि सावकाश उघडले. ऋजुता, खोटे कशाला सांगू, शाळेने शाल दिली तेव्हाही मला एवढे बरे वाटले नव्हते.

पण थाळीला ती आमच्यादेखत तोंड लावीना. बैठक झाली की उम्म मुबारक पाहुणीच्या मानाने गलबताखालून धूपदाणी फिरवत, आम्ही चटई गुंडाळून वळत असू, आणि मग पाठीमागून चपचप आवाज येई.

भरतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही थाळीशेजारी मोठे खोके ठेवले, आत उम्म मुबारकची जुनी ओढणी. ती पिल्लांना घेऊन खाली येईल, निदान जेवायला तरी येईल, एवढीच आशा. मी धूपदाणीत निखारे घालू लागलो तर त्यांनी माझा हात धरला.

“आज धूप नको.”

“का?”

“धूप दाखवला की ती समजेल, निघा म्हणतात. आज तिला बसवून ठेवायचंय ना?”

मला हे तर्काला धरून वाटले. आम्ही बसलो. बांग झाली, समुद्र काळा झाला, कॉफीची सुरई रिकामी झाली. शेखाचा कानही दिसला नाही. कोठ्यातून एकदाच गुरगुर आली, ती आमच्या बाजूची नव्हती.

दुसऱ्या सकाळी खमीस माणसे आणि दोरखंड घेऊन आला. गलबताखाली ओंडके लावून झाले. पाणी वर चढत होते. उम्म मुबारक जाऊन पहिल्या ओंडक्यावर बसल्या.

“आधी माझ्यावरून ने.”

“ताई, ऊठ. लोक बघतायत.”

“बघू देत. चार लेकरांची आई आत आहे.”

“समुद्र माझ्या बापाचा नाही गं, थांबायला सांगू त्याला?”

“बापाचं गलबत तर आहे ना? मग बापाला काय वाटलं असतं, ते सांग.”

खमीस डोके खाजवत उभा राहिला. बहिणीपुढे त्याचे आजवर चाललेले नाही. शेवटी, निदान रीत तरी करून घेऊ म्हणून त्याने धूपदाणी पेटवली. गलबत पाण्यात जाण्याआधी त्याला धूप दाखवतात. लोबान उम्म मुबारकच्याच डब्यातला. खमीस गलबताभोवती फिरला, धूर फळ्यांतून कोठ्यात गेला, आणि सगळ्यांनी दुवा मागायला हात पुढे धरून माना खाली घातल्या.

त्या शांततेत शेखा बाहेर आली. तोंडात एक पिल्लू. टेकवलेल्या फळीवरून उतरली, सरळ खोक्याशी गेली, पिल्लू ओढणीवर ठेवले आणि मान वर केली तर समोर सात-आठ दाढीवाले. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी फक्त अनपेक्षित तपासनीस वर्गात आल्यावर हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. पण कोणी हलले नाही. खमीसने दुवा लांबवली. माझ्या माहितीप्रमाणे त्याने तीच तीन वेळा म्हटली. शेखाने क्षणभर विचार केला, वर गेली, दुसरे आणले. मग तिसरे.

चौथे येईना. ती आत जाई, रिकामी परत येई, खोक्यातल्या तिघांकडे बघे, पुन्हा आत जाई. पाणी ओंडक्यांना लागले.

“उस्ताद,” खमीस हलकेच म्हणाला, “आता तुम्हीच. मी त्या कोठ्यात मावत नाही.”

आदल्यासारख्या ओरखड्यांपासून हात वाचावा म्हणून मी तुझी कानटोपी हातमोज्यासारखी चढवली होती. पोटावर सरपटत आत गेलो. शेखा खोक्यापाशी उभी राहून माझ्या पायांकडे बघत होती असे नंतर कळले. चावली नाही, हा तिचा मोठेपणा. सगळ्यात आत, दोन फळ्यांच्या सांदीत, ते चौथे. माझ्या हाताला ते फिसकारले आणि अजून आत सरकले. मी हात मागे घेतला, तसा गोंडा डोलला. ते थांबले. मी गोंडा पुन्हा डोलवला. पुढच्या क्षणी त्या मुठीएवढ्या प्राण्याने गोंड्यावर झडप घातली, चारही पायांनी मिठी मारली, आणि गळाला लागलेल्या माशासारखे मी त्याला उजेडात ओढून आणले. बाहेर एवढा गलका झाला की गलबत आपोआप पाण्यात जाते की काय असे वाटले.

ते पिल्लू त्या टोपीत राहते. आता हे पत्र लिहीत असताना ते टोपीसकट माझ्या मांडीवर आहे आणि गोंड्याचे उरलेसुरले दोरे चघळते आहे. बाकीची तिघे उम्म मुबारकच्या अंगणात त्यांच्या पायांत येतात आणि शिव्या खातात. शेखा भिंतीवर बसते; गेल्या जुम्याला तिने माझ्यादेखत जेवण केले. पिल्ले दूध सोडतील तेव्हा डॉक्टर तिचे ऑपरेशन करणार आहेत, म्हणजे पुढच्या बाळंतपणांतून तिची सुटका.

त्या सकाळी, गलबत तरंगायला लागल्यावर, कॉफी पिता पिता उम्म मुबारक एकाएकी हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“उस्ताद, आपण उलटं धरलं होतं रे. घर तिचं. पाहुणे आपण. रोज धूप झाला की आपण उठायचो, मग ती निवांत जेवायची. काल आपण उठलोच नाही. बिचारी उपाशी बसली रात्रभर, ही माणसं जातात कधी म्हणून. सकाळी धूर आला तेव्हा समजली, गेली एकदाची.”

मीही हसलो. मग घरी आल्यावर हसलो नाही.

ऋजुता, तिसरा कप झाला, खबर सांगतो. मेच्या शेवटच्या आठवड्याचे पुण्याचे तिकीट काढले आहे. गोंडा तुमच्या लेकीने, रेशमाने, निवडला ना? तुम्ही तिला दत्तक घेऊन घरी आणल्यापासूनच्या माझ्या प्रत्येक पत्रात मी पुण्याच्या उकाड्याची चौकशी केली, कौस्तुभच्या गुडघ्याची केली, तिची केली नाही. विसरलो नव्हतो. तू लिहिलेस की ती सात वर्षांची आहे, घरात कोणी आले की जेवणाच्या टेबलाखाली बसते, आणि सगळे उठून गेल्यावर एकटी जेवते. ते मी इतक्यांदा वाचले की कागद घडीवर फाटला. लेकराची मांजरीशी तुलना करतो असे समजू नकोस. तुलना माझी आहे, माझ्याशीच. त्या चटईवर बसलेल्या गृहस्थाशी.

मला गप्प बसता येते, हे आता सिद्ध झाले आहे. टक लावून बघणार नाही. गोष्टी सांगणार नाही, श्लोक तर मुळीच नाही. तिने विचारले तर गोंड्याने कोणाचा जीव वाचवला तेवढे सांगेन. घर तिचे आहे, पाहुणा मी, हेही समजले. पण तिथे धूपदाणी नाही, आणि मी महिनाभर उठून जाणार नाही. मला भीती वाटते ती एवढीच, की सगळा महिना ते लेकरू टेबलाखाली बसून राहील, आणि हा म्हातारा जातो कधी, याची वाट पाहील.

तुमच्याकडे येऊ घातलेला पाहुणा,
बाबा