सैल वेणी

परळी वैजनाथ
२ जून

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

चि. कु. ईश्वरी हिस महानंदाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. हे सवयीनं लिहून गेले. चोवीस दिवसांपूर्वी ज्या घरातून तुझी आई गेली त्या घरात क्षेम कितीसं असणार, ते तूच समजून घे. तरी पत्राला काहीतरी सुरुवात लागते आणि शाळेत तीस वर्षं मुलींना हीच शिकवली.

फोनवर तू हां, हूं, ठीक आहे यापलीकडे जात नाहीस. म्हणून पत्र. हातानं लिहायचं, फोटो काढायचा आणि तुझ्या मोबाईलवर सोडायचं, एवढं मी शिकले. तिकडे डोंगरावर चार दिवसांतून एकदा रेंज येते म्हणतेस, तेव्हा हा पोस्टमनही तुझ्याकडे चार दिवसांतून एकदाच येणार, हे धरून चालते. तूही असंच लिहावंस. शुद्धलेखन तपासणार नाही. (तपासीन, पण बोलणार नाही.)

सोमलिंगदादा दुकान वेळेवर उघडतो. गिऱ्हाइकाशी बोलतो, आमच्याशी नाही. संध्याकाळी घरी आला की माझ्या पोरीचं काय, एवढंच विचारतो. काय सांगू? पाठीवर स्वतःएवढं गाठोडं घेऊन पोरगी चार महिने हिंडायला गेली आहे. आईनंच दवाखान्यातल्या खाटेवरून जा म्हणून सांगितलं होतं, म्हणून गेली आहे. ते त्यालाही माहीत आहे. तरी रोज विचारतो.

आता मुद्द्याचं. कमरेच्या खाली जाणारे केस घेऊन हिमालयात जाणारी आपल्या खानदानात तूच पहिली. धुतेस कशी, वाळवतेस कशी? फणी लाकडीच वापर. विंचरून निघालेलं गुंतवळ असंच वाऱ्यावर सोडू नकोस. तुझी आई त्याचा गोळा करून त्यावर तीनदा थू थू करायची ना, तसं कर. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही, पण ती करत होती.

इथे मात्र न्हायलं की तासाभरात केसांवर औष्णिक केंद्राची राख. माझं पांढरं झालेलं किती आणि राखेचं किती, हे मला स्वतःलाच सांगता येत नाही.

तब्येतीला जप. उत्तर पाठव, मग रुसवा सोडीन.

तुझी
महानंदाआत्या


काझा, स्पिती
१४ जून

ती. स्व. आत्यास ईश्वरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मोबाईलवर मोठं करून करून वाचलं. अक्षर फळ्यावरच्यासारखंच आहे, पाहूनच पाठ ताठ झाली.

मी बरी आहे. इथे सगळा देश धुळीचा. रस्ता धुळीचा, डोंगर धुळीचे, आणि मधून एक हिरवीनिळी नदी. मटाराची शेतं आहेत. छेरिंगबाई म्हणून एक आहेत, त्यांच्या घरी राहते. हिंदी त्यांचीही मोडकी आणि माझीही मराठवाड्याची, त्यामुळे छान जमतं.

केसांचं म्हणाल तर तुम्ही दिलेली खोबरेल तेलाची बाटली इथे दगड झाली. बाटली पोटाशी धरून झोपावं तेव्हा सकाळी चमचाभर तेल मिळतं. सोबतच्या दोघी मुलींचे केस कानापर्यंत. त्या पाच मिनिटांत न्हाऊन चहाला बसतात. गरम पाण्याची बादली विकत मिळते आणि ती माझ्या केसांना पुरत नाही. धुतलेले केस वाळायला दुपार जाते, न वाळवता टोपी घातली तर डोकं बधिर. झोपण्याच्या पिशवीच्या चेनमध्ये अडकतात. पाठीवरच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकतात. एकदा जीपच्या दारात अडकले, ड्रायव्हर बिचारा माझ्याहून जास्त ओरडला. म्हणून आता अंबाडा, त्यावर रुमाल, त्यावर टोपी. धुणंही वरवरचं.

काळजी नसावी. अप्पांना सांगा, पोरगी जेवते आहे.

आपला आशीर्वाद असू द्यावा.

ईश्वरी


परळी वैजनाथ
२७ जून

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

चि. कु. ईश्वरी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. जीपच्या दारापाशी तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. मग उठून दुकानात गेला. रविवार होता, दुकान बंद होतं.

तू पाठवलेले फोटोही पाहिले. नदी छान आहे. पण अकरा फोटो आणि अकराही फोटोंत तीच टोपी. शेवटच्यात, चुलीपाशी बसली आहेस त्यात, टोपी जरा वर सरकली आहे आणि मानेवर काहीतरी गोळ्यासारखं दिसतं. शेजारच्या केशरबाई तेव्हाच आल्या होत्या. त्यांनी माझा चष्मा लावून पाहिलं आणि सांगून टाकलं, की ही तर देवीची जट हाय, लई मोठा मान हाय, आता कात्री न्हाई लावायची, घरी आली की हळदकुंकू वाहायचं. मी म्हटलं, जटा महादेवाला शोभतात, कारण त्याच्या डोक्यावर घरची गंगा आहे. आमच्या पोरीला बादलीभर पाणी विकत घ्यावं लागतं. केशरबाई रागावून गेल्या, पण जाताना पुन्हा सांगून गेल्या, की चेष्टा करू नका मास्तरीणबाई. आता गल्लीभर झालं असेल. तू परत येशील तेव्हा चार बाया ताट घेऊन उभ्या राहतील, हे गृहीत धर.

तेव्हा ऐक. गुंता सोडवायची एकच रीत आहे. वरून फणी घालायची नाही. वरून घातली की गुंता खाली खाली घट्ट होत जातो. टोकापासून सुरू करायचं. आधी शेवटची चार बोटं मोकळी, मग त्याच्यावरची चार बोटं. तेल कोमट करून. घाई नाही. तुझ्या आईला हे कधी जमलं नाही. तिच्या हातात घाई नव्हती पण जोरही नव्हता. इतकी सैल वेणी घालायची की शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत ती सुटलेली असायची. मग तू शिक्षक-खोलीच्या दारात येऊन उभी, आणि मी संस्कृतच्या वह्या बाजूला ठेवून तुझी वेणी घालत बसलेली. माझी वेणी घट्ट. तुझे डोळे वर ओढले जायचे, आणि डोकं दुखतं म्हणून तू घरी तक्रार करायचीस. तुझी आई मला म्हणायची, की नणंदबाई, पोरगी आहे, सुतळीचं बंडल नाही.

खरं सांग. शेवटची वेणी कधी सोडलीस?

लोभ आहेच, तो वाढवायचा तर खरं लिही.

महानंदाआत्या


काझा
१९ जुलै

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

उत्तर द्यायला उशीर केला. रेंज होती. मीच लिहीत नव्हते.

सोडलीच नाही. नऊ मेच्या सकाळी दवाखान्यात आईनं घातली ती. तुम्ही तिथेच होता. ती अकरा वाजता गेली आणि वेणी पाठीवर तशीच. पुढच्या दिवसांत घरात कुणी कुणाच्या केसांकडे पाहत नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री रबर काढायला गेले आणि हात थांबला. तिनं या जगात केलेलं शेवटचं काम ते. मला वाटलं, राहील तितके दिवस राहू दे. वरूनच पाणी ओतत राहिले, वरूनच तेल. पंधरा दिवसांत वेणीचा दोर झाला आणि मानेपाशी एक गाठ आली. आता ती लिंबाएवढी आहे आणि तिच्याखाली कातडीला जखम झाली आहे. उशीवर मान टेकवता येत नाही. वास येतो. सोबतच्या मुली पुढे गेल्या. त्यांनी कारण विचारलं नाही, पण त्यामुळेच गेल्या.

परवा छेरिंगबाईंनी मला हाताला धरून इथल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, की पू होतो आहे, सोमवारपर्यंत सोडव, नाहीतर मी मशीन लावून सगळं काढते. त्या चांगल्या आहेत. त्यांना काय सांगू? दोन दिवस कात्री उशाशी घेऊन बसते आहे. आत्या, हे केस नाहीत हो. तिचा हात आहे. तो कसा कापू?

अप्पांना यातलं काही सांगू नका.

ईश्वरी


परळी वैजनाथ
१९ जुलै, संध्याकाळ

चि. ईश्वरी हिस आशीर्वाद.

आज देवाचं नाव वर घातलं नाही, कारण पुढे लिहिते ते त्याच्यासमोर आधीच कबूल करायला हवं होतं.

संस्कृतात एकवेणी म्हणून एक रीत येते. नवरा दूर देशी गेला की बायको एकच वेणी घालते आणि तो येऊन स्वतःच्या हातानं सोडेपर्यंत ती सोडत नाही. तीस वर्षं मी हे मुलींना शिकवलं, पेपरात चार गुणांना विचारलं. तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं, की त्या बाईकडे निदान कुणीतरी परत यायचं होतं.

आता नीट वाच. त्या सकाळी तू खाली फरशीवर बसली होतीस, पाठ खाटेला टेकवून. दोन रात्रींची जागी होतीस, बसल्या बसल्या डुलत होतीस. वहिनीच्या डाव्या हाताला सलाईनची सुई. तिनं तुझे केस हातात घेतले, तीन पेड केले. तीन वळसे घातले. मग बोटं थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं आणि पेड माझ्या हातात दिले. पुढची वेणी मी घातली, बाळ. खाली टोकापर्यंत. ती माझं होईस्तोवर तुझ्या डोक्यावर तळवा ठेवून होती, म्हणून तुला सगळं तिचंच वाटलं. तीन हात होते. तू मोजले नाहीस. रबर मी लावलं, आणि झालं म्हणताना वेणीला एक हलका झटका द्यायची तिची सवय होती ना, तो झटका मात्र तिनं दिला. त्यासाठी उरलेलं बळ तिनं राखून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी भेटायला आलेल्यांना तू सांगत होतीस, की आईनं जाताना माझी वेणी घातली. मी तिथेच चहाचे कप उचलत होते. त्यात माझा वाटा सांगायचं तोंड झालं नाही. गप्प राहण्यात दया आहे असं वाटलं होतं. तुझ्या मानेला जखम होईल, असं वाटलं नव्हतं.

म्हणून सांगते ते कर. कात्री लांब ठेव. छेरिंगबाईंच्या शेगडीवर तेल कोमट कर आणि टोकापासून सुरू कर. खालचं सगळं माझं आहे. माझं सोडवताना तुला वाईट वाटायचं कारण नाही. शाळेत असताना तू ते रोज घरी जाऊन सोडायचीस. वर पोचशील तेव्हा वहिनीचे तीन वळसे उरतील. त्यांचं काय करायचं ते मी सांगणार नाही. तो अधिकार माझा नाही.

सिस्टरांना माझा नमस्कार सांग आणि एक दिवस जास्त माग.

रागावलीस तरी लिही.

महानंदा


काझा
२६ जुलै

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

रागावले होते. पहिल्या दिवशी तुमचं पत्र वाचून मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तेल गरम केलं.

सिस्टरांकडे एक दिवस मागितला तर त्यांनी दोन दिले. छेरिंगबाई मागे बसल्या, हातात लोकर सोडवायची लाकडी सळई. टोकापासून. शेवटची चार बोटं, मग त्यावरची चार. तुमची वेणी काय सुटते! दाबलेल्या लोकरीसारखा नमदा झाला होता तरी आत एकेक वळसा तसाच होता, मोजून घ्यावा इतका. छेरिंगबाईंनी विचारलं, की ही कुणी घातली, फार कडक बाई असेल. मी म्हटलं, मास्तरीण आहे. मग आठवलं. त्या दिवशी माझं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. डोळे वर ओढल्यासारखे झाले होते. मला वाटलं, रडून.

तिसऱ्या दिवशी दुपारी मानेपाशी पोचलो. आत्या, तिथे तीन वळसे नव्हते. एकही नव्हता. ते केव्हाच सुटले होते, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या गाडीत, मला कळलंही नाही. मधल्या सुट्टीपर्यंत तरी टिकले असतील का, कोण जाणे. सुटले आणि त्यांचीच ती गाठ झाली. मी जे दोन महिने टोपीखाली जपलं त्यात आईचं काही उरलंच नव्हतं. जे टिकलं ते सगळं तुमचं होतं.

गाठ सुटण्यासारखी नव्हती. तेवढीच कापली, मेंढ्यांच्या कात्रीनं. बाकी केस राहिले, मानेवर एक तुकडा बोडका आहे. सिस्टरांनी मलम लावलं. गाठ घेऊन नदीकडे गेले. विलोच्या झाडाखाली उभी राहून तीनदा थू थू केलं, बरोबर तिच्यासारखं, मान वळवून. मग फांदीच्या बेचक्यात ठेवली. तिथेच बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. संध्याकाळी गेले तर एक चिमणीसारखा पक्षी त्यातलं ओढून नेत होता. जाऊ दिलं.

पुढचे दोन महिने राहू देत. तीन तारखेला निघते, सहाला सकाळी परळी स्टेशन. अप्पांना सांगा, आणि केशरबाईंना सांगा, की मान देवीकडे परत गेला.

केस मोकळे आहेत, वाऱ्यावर सारखे तोंडावर येतात. मला स्वतःची वेणी घालता येत नाही, हे सत्तावीस वर्षांत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. आल्यावर तुम्हीच घाला. फक्त एवढं मागणं आहे, वरचे तीन वळसे सैल घाला. सुटले तर सुटू देत.

आशीर्वाद आहेच, हातही असू द्यावा.

तुमची
ईश्वरी